तिसऱ्या छिद्राचा सूर

हे लिहायला बसण्यापूर्वी मी खोलीचे दार आतून लावून घेतले. घरात दुसरे कुणी नाही – पत्नी माहेरी, बाभुळगावला गेली आहे. मग दार कुणासाठी लावले? जे आजवर तिलाही सांगितले नाही, ते कागदाला सांगतानासुद्धा मला आडोसा लागतो आहे, एवढाच याचा अर्थ.

मी दिग्रसला एका कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवतो. वय छप्पन्न. माझा आवाज कधी चढत नाही, म्हणून लोक मला सज्जन समजतात. हळू आवाजात केलेला अपराध कुणाला ऐकू जात नाही – त्यांच्या गैरसमजाचे कारण कदाचित इतकेच असेल.

पंचेचाळिशी उलटल्यावर मला माउथ ऑर्गनचा नाद लागला. ब्लूज नावाचे ते परदेशी, दुःखी संगीत मला वाजवायचे होते. नागपूरहून एक इंग्रजी पुस्तक मागवले, त्यातल्या ओळींखाली पेन्सिलीने रेघा मारल्या. त्या संगीताचे मर्म थोडक्यात असे, की गिटार तीन कॉर्डवर, म्हणजे तीन स्वरमेळांवर, फेरे घेत राहते आणि माउथ ऑर्गनचा प्रत्येक सूर प्रत्येक कॉर्डवर शोभत नाही. कुठे थांबावे, कुठून निघून जावे, कोणता सूर खाली ओढावा – हे कॉर्ड बदलताक्षणी कळावे लागते. तिसऱ्या छिद्रातून श्वास आत घेताना जीभ मागे नेली, की तिथला सूर वाकतो, खाली उतरतो. त्या उतरण्यातच सगळे रडणे असते. हे सारे मला तोंडपाठ होते. वाजवता मात्र येत नव्हते.

प्रेमसिंग आमच्याकडे दूध घालतो. चार किलोमीटरवर त्याचा बंजारा तांडा, थोडी शेती, दोन म्हशी. माझ्याच वयाचा आहे. तोंडावर मी त्याला ‘प्रेमसिंगभाऊ’ आणि ‘तुम्ही’ म्हणतो. मनात तो ‘तो’ असतो. इथे मनातलेच लिहितो आहे – निदान इथे तरी.

एकदा सकाळी दूध मापून झाल्यावरही तो दारातच उभा राहिला. मी वाजवत होतो. म्हणाला, “सर, हे काय वाजवून राह्यले? कोनी मेलं का?” आणि हसला. मलाही हसू आले. त्याच भरात माझा जुना माउथ ऑर्गन मी त्याला देऊन टाकला. तो उपकार मी पुढे किती जणांना सांगितला! तेवढाच भाग नेहमी सांगत आलो.

तीन महिन्यांत तो माझ्यापुढे गेला.

महाविद्यालयात निखिल नावाचा भौतिकशास्त्राचा तरुण प्राध्यापक होता. रविवारी तो गिटार घेऊन माझ्या व्हरांड्यात येई आणि आम्ही तिघे बसत असू. प्रेमसिंगला इंग्रजी वाचता येत नव्हते, म्हणून पुस्तकातला मजकूर मी मराठीत सांगायचो. पुस्तकापुढे तो अगदी हात जोडल्यासारखा बसे. पण कॉर्ड बदलली, की त्याचा श्वास आपोआप बदलत असे. गिटार पहिल्या कॉर्डवरून दुसऱ्या कॉर्डवर गेली, की तिसऱ्या छिद्राचा सूर तो हलकेच खाली ओढायचा, आणि निखिल गिटार वाजवतावाजवता डोळे मिटून घ्यायचा. हे कुणी शिकवले, असे मी विचारले तेव्हा प्रेमसिंग म्हणाला, “शिकवन कोन, सर? होळीले आमच्या तांड्यात लेंगी म्हनतात ना बाया, तिच्यात आवाज असाच खाली येते. तुमचा बाजा इंग्रजी बोलते, माहा गोरमाटी. दुख तं एकच हाय.”

निखिल मोठ्याने हसला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, “सर, कान असावा तर असा. पुस्तकं वाचून येत नाही हे.”

तो सहज बोलला असेल. त्याला माझ्या पेन्सिलीच्या रेघा कुठे ठाऊक होत्या? पण ते वाक्य माझ्या आत गेले आणि तिथेच बसले. पिढ्यान्‌पिढ्या अक्षरांवर जगणाऱ्या घरातला मी, आणि दूध घालायला आलेला माणूस – असा विचार माझ्या मनात आला. आला, आणि मी तो हाकलला नाही. आधी कबूल करायचे ते हेच.

स्नेहसंमेलन जवळ आले. निखिलने ठरवून टाकले, की सुरुवातीचा फेरा मी वाजवायचा आणि मुख्य भाग प्रेमसिंगने. त्यानंतर तो परीक्षेच्या कामासाठी पंधरा दिवस यवतमाळला गेला. जाताना म्हणाला, “तुम्ही दोघं तयारी करा, मी थेट त्या दिवशी येतो.”

ते पंधरा दिवस माझ्या हातात होते.

आता लिहितो. पहिल्याच सकाळी प्रेमसिंग व्हरांड्यात बसला, दुसऱ्या कॉर्डपाशी आला आणि त्याने नेहमीसारखा सूर वाकवला. मी हात वर केला. पुस्तक उघडले. खरोखर उघडले, पानावर बोट ठेवले आणि म्हणालो, “प्रेमसिंगभाऊ, इथे चुकता आहात. दुसऱ्या कॉर्डवर हा सूर वाकवायचा नाही. सरळ ठेवायचा, आणि लांब धरायचा. पुस्तकात स्पष्ट लिहिलं आहे.”

पुस्तकात याच्या नेमके उलट होते.

तो गोंधळला. “पन सर, मले तं तिथं खाली ओढावाच वाटून राह्यलं. सरळ धरला का कानाले टोचते.”

“सवय झाली की टोचणार नाही,” मी म्हणालो. किती शांतपणे म्हणालो!

मग तो रोज सकाळी दूध घातल्यावर अर्धा तास बसून आपला कान मोडत राहिला. दुसरा शब्द मला सुचत नाही. सूर आपोआप वाके, तो स्वतःवर चिडे, पुन्हा सरळ धरी. मी समोर चहा पीत बसलेलो असे. एखाद्या सकाळी तरी मला थांबता आले नसते का? पंधरा सकाळी होत्या.

कार्यक्रमात माझा फेरा आधी होता. मी दुसऱ्या कॉर्डवर तिसऱ्या छिद्राला ओठच लावले नाहीत. वाकवले असते तर त्याला माझे खोटे ऐकू आले असते. सरळ वाजवले असते तर माझीच फजिती झाली असती. हे मी आदल्या दिवशी ठरवून ठेवले होते. रागाच्या भरात घडले, असे म्हणायला मला म्हणूनच जागा उरत नाही.

मग प्रेमसिंग उभा राहिला. धुतलेला पांढरा सदरा, खिशात पेन – त्याला लिहायचे काहीच नव्हते, तरी पेन होते. पहिली कॉर्ड त्याने अशी वाजवली, की मागच्या रांगांतली कुजबूज थांबली. गिटार दुसऱ्या कॉर्डवर गेली, आणि त्याने तो सूर सरळ धरला. लांब धरला. मी सांगितला होता तेवढा. दाताखाली खडा यावा तसा तो सभागृहाला लागला. निखिलने दचकून वर पाहिले. प्रेमसिंगने पुढच्या फेऱ्यात तोच सूर आणखी जोर लावून, आणखी सरळ धरला. मागून एक पोरगा ओरडला, “अरे, दूध नासलं रे!” सगळे सभागृह हसले.

मी हसलो का? ओठ थोडे हलले होते, हे मला आठवते.

नंतर मंचामागे तो माझ्याजवळ आला. म्हणाला, “माफ करा, सर. तुमी बराबर सांगतलं होतं. माह्याकडूनच वाकला असन सूर. मले आयकूच नाई आलं.” मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, “होतं असं.” निखिलने मला विचारले तेव्हाही तेच उत्तर दिले – घाबरला असेल, होते असे. पुढच्या वर्षी निखिलची बदली झाली.

प्रेमसिंगने माउथ ऑर्गन मला परत आणून दिला, स्वच्छ फडक्यात गुंडाळून. दूध मात्र एक दिवसही चुकले नाही.

इथेच थांबलो असतो, तर कदाचित हे लिहिलेही नसते.

गेल्या उन्हाळ्यात तो आपल्या मुलीला घेऊन आला. सुनीता तिचे नाव, अकरावीला माझ्याच वर्गात होती. तिला यवतमाळला गाणे शिकायला जायचे होते. प्रेमसिंग म्हणाला, “सर, तुमीच समजावा इले. आयकतच नाई. आमच्या घरात कान नाई कोनाले, हे तुमाले तं मालूमच हाय.” मुलगी मान खाली घालून उभी होती. मी म्हणालो, एखादी ओळ म्हण. तिने लेंगीची एक ओळ म्हटली. ओळीच्या शेवटी तिचा आवाज न मागता, न विचारता हलकेच खाली उतरला – थेट त्या ठिकाणी.

दोघे माझ्याकडे पाहत होते. एका वाक्याचे काम होते. त्या वाक्यामागे मला दुसरे वाक्य सांगावे लागले असते, आणि त्यामागे ते पंधरा दिवस. मी चष्मा पुसला आणि हळू आवाजात म्हणालो, “बेटा, आधी अभ्यास पूर्ण कर.”

प्रेमसिंग समाधानाने म्हणाला, “पाह्य, मी काय सांगतलं होतं!” तिने मान हलवली आणि बापामागून निघून गेली. वर्गात आता ती माझ्याकडे पाहत नाही.

तो माउथ ऑर्गन अजून त्याच फडक्यात, माझ्या कपाटात आहे. शेजारी ते पुस्तक. आज ते पान पुन्हा उघडले. त्याने ज्या वाक्यासाठी माझ्यावर विश्वास ठेवला, ते इतक्या वर्षांनी मराठीत नीट लिहून ठेवतो. गिटार दुसऱ्या कॉर्डवर गेली, की तिसऱ्या छिद्राचा सूर सरळ ठेवू नये; तो खाली ओढावा, कारण तिथे तोच खरा सूर आहे. भाषा सोपी आहे. मला ती तेव्हाही वाचता येत होती.