भिकुबाईंचा हिंग्यांशी दावा

साक्रीजवळच्या त्या गावात भिकुबाईंना ‘मोजेवाल्या अक्का’ म्हटलं की शेंबडं पोरही घर दाखवतं. गेल्या भाद्रपदापर्यंत त्या नुसत्या अक्का होत्या, आणि मांडवावर चढवलेला गिलक्यांचा वेल हा त्यांचा जीव की प्राण. आठवडेबाजारात त्यांच्या कोवळ्या गिलक्यांसाठी बायका पिशव्या उघडून उभ्या राहत.

त्या भाद्रपदात वेलावर हिंगे, म्हणजे फुलं खाणारे भुंगेरे, उतरले. काळ्या अंगावर नारिंगी पट्टे. थाट नवरदेवाचा आणि भूक अख्ख्या वऱ्हाडाची! पिवळी फुलं बघता बघता फस्त. फूलच गेलं तर गिलकं कुठून धरणार?

नवरा झुलाल नाना फवारणीचा पंप पाठीला अडकवून हजर. पंप पाठीवर आला की नानांना आपण सरहद्दीवर निघालोय असं वाटतं.

“औषध मारं ते मधमाश्या बी मरतीन,” अक्का आडव्या आल्या. “मंग गिलकं कसं लागी? माले चार दिन द्या.”

“चारच हां! पाचवा दिन पंप!”

दुसऱ्या सकाळी हिंगे दवात गारठून सुस्त बसले होते. अक्का हातांत नानांचे लोकरी मोजे घालून, साबणाच्या पाण्याचं पातेलं घेऊन मांडवाखाली शिरल्या. फूल हलवलं की हिंगा मेल्याचं सोंग घेऊन टपकन पडायचा. पातेल्यात ते सोंग खरं व्हायचं.

नाना बांधावर बसून, लेकीच्या नावाने अक्कांना हाक मारत खो खो हसले. “हेमांगीनी माय, बठ्ठं गाव हासस! किडा धराले मोजा कसाले?”

तेवढ्यात एक हिंगा त्यांच्याच मानेवर उतरला.

“मारू नका, फुंकर मारा!” अक्का ओरडल्या. पण नानांनी जन्मभर माशी, डास, गोमाशी सगळ्यांना एकच न्याय लावलेला. फाटकन पंजा बसला. हिंग्याने मरता मरता अंगातला जहाल रस मानेवर सांडला. अक्कांनी लगेच साबणाने मान धुतली, तरी संध्याकाळी बोराएवढा फोड टरारला.

“दुखस का?”

“नही,” नाना म्हणाले. डोळे मात्र वेगळंच सांगत होते.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत नाना लांब काठी घेऊन मांडवाखाली. आता सूड घ्यायचा होता! ते उंचावरची फुलं हलवायचे, अक्का खाली पातेलं धरायच्या. चौथ्या दिवशी हिंगे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले, फुलांवर मधमाश्या गुणगुणू लागल्या आणि वेलाला बोटभर गिलकी लागली.

पाचव्या दिवशी नाना पारावर सांगत होते, “मी पहिलेच म्हनेल व्हतं, औषध नको!”

अक्कांनी ते ऐकलं. नाना घरी आल्यावर पातेलं त्यांच्या हातात दिलं.

“बरं शे. शेजारनी यशोदाबाईनी भेंडीवर बी हिंगा पडेल शेतस. जाई या.”