हानाताईंचं घोंगडं

"पावणं, नुसतं बघू नका, हात लावा. लई ऊब हाय त्यात."

पुण्याच्या एका डिझाइन प्रदर्शनात हे शब्द कानावर पडले आणि मी गर्रकन वळलो. बोलणारी बाई जपानी होती. लेकीच्या आग्रहाखातर मी तिथं गेलो होतो आणि सवयीप्रमाणे वस्तूच्या आधी किमतीची चिठ्ठी वाचत फिरत होतो. या स्टॉलवर चिठ्ठ्याच नव्हत्या. काळ्या लोकरीची घोंगडी होती, आणि त्यांना मेंढ्यांचा ओळखीचा वास येत होता.

"मराठी कुठं शिकलात?"

"जुन्नरकडं. भागामावशीच्या वाड्यावर."

भागाबाई धनगरीण मला ठाऊक होती. टोमॅटो निघाला की तिच्या मेंढ्या खतासाठी आमच्या नारायणगावच्या रानात बसायच्या. तिथंच तिचा वाडा, म्हणजे तळ पडायचा. स्टॉलवरच्या या हानाताई तिच्याकडे सूत काढायला शिकल्या आणि भाषाही तिचीच उचलली. नुकतीच नारायणगावात खोली घेऊन त्यांनी माग मांडला होता. विणलेली घोंगडी त्या देशोदेशींच्या प्रदर्शनांत नेत.

विकण्याची त्यांची रीत मात्र माझ्या हिशेबात बसणारी नव्हती. गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न, "पावसात वापरणार?" त्या दिवशी एका गृहस्थांना घोंगडं दिवाणखान्यात टांगायचं होतं.

"भिंतीला थंडी वाजती व्हय, भाऊ?" हानाताईंनी विचारलं.

ते हसले आणि घेऊन गेले. हानाताई स्टुलावर बसून राहिल्या. "माझं एकबी घोंगडं अजून फाटलं नाय," त्या म्हणाल्या. "कोण वापरतच नाय."

म्हणून त्यांनी एक घोंगडं खास भागाबाईसाठी विणलं. लोकर तिच्याच मेंढ्यांची, सूत तिच्याच हातचं. ताठपणासाठी चिंचोक्याची खळ देऊन उन्हात वाळवलं. भागाबाईनं ते कपाळाला लावलं, जुन्या लुगड्यात गुंडाळलं आणि पालात देवाच्या टोपलीशेजारी ठेवलं. पावसात मात्र ती प्लास्टिकचा कागद डोक्यावर घेऊन हिंडायची.

"मावशी, ते देवाचं नाय, तुझं हाय," हानाताई कळवळून म्हणायच्या.

"गप गं! पोरीनं हातानं इणलंय, ते चिखलात घालू? मला काय येड लागलंय?"

दोघींचं हे भांडण मी दर वर्षी बांधावर उभा राहून ऐकलं. एकीची माया वापरण्यात, दुसरीची जपण्यात. कुणीच हटेना.

मग हानाताईंना दुखणं जडलं. मागावर चादर टाकून त्या उपचारांसाठी जपानला गेल्या. तिथून माझ्या फोनवर भागाबाईशी बोलायच्या. शेवटच्या वेळी आवाज फार बारीक झाला होता.

"मावशी, वापरलंस?"

"व्हय की. रोज घेते."

"भिजल्यावर कसं लागतं?"

भागाबाईनं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "येत्या पावसाळ्यात घेते, बाई. खरंच घेते."

"बघ हां. मग सांग मला, किती जड व्हतं ते."

पावसाळा लांबच होता. ऐन उन्हाळ्यात हानाताईंच्या बहिणीचा जपानहून इंग्रजीत निरोप आला. लेकीनं तो वाचून दाखवला आणि मी चप्पल घालून रानात गेलो. भागाबाई मेंढ्यांना पाणी पाजत होती.

"हानाताई गेल्या," मी म्हणालो. याहून बरे शब्द मला जमले नाहीत.

ती रडली नाही. पालात गेली, लुगड्याची गाठ सोडून घोंगडं घेऊन आली आणि मेंढ्यांच्या हौदात तिनं ते पुरतं बुडवलं. दोन्ही हातांनी उचलताना तिचा तोल जात होता. पुढे झालो तर तिनं मला कोपरानं बाजूला सारलं. पावसात करतात तशी खोळ करून तिनं ते डोक्यावर घेतलं आणि कडक उन्हात उभी राहिली. खळीचं गढूळ पाणी कपाळावरून, डोळ्यांवरून ओघळत होतं.

"फोन लावा, भाऊ."

"भागाबाई, आता कुणाला..."

"लावा म्हणते ना! सांगा तिला, भिजलं. लई जड झालंय."

मी फोन काढला, हानाताईंचं नाव शोधलं आणि कानाला लावला. पलीकडे रिंग जात होती.