रेक्झिनचा पोलिसी पट्टा

एकोणीसशे ऐंशीच्या आसपास मी पंचवटीतल्या आमच्या खोलीत हौशी नाटकवाल्यांना कमरपट्टे, तलवारींची म्यानं, बाजूबंद करून द्यायचे. भद्रकालीत स्कूटरची सीटकव्हरं शिवणाऱ्याकडून रेक्झिनचे तुकडे आणायचे. आत पुठ्ठा, वर रेक्झिन, कडेला स्वेडची मऊ पट्टी. स्टेजच्या उजेडात ते खरं चामडंच वाटायचं.

एकदा तिशीतला एक अनोळखी माणूस आला. म्हणाला, "ताई, पोलिसाचा पट्टा हवाय. तपकिरी, हुबेहूब."

"कुठलं नाटक?"

"आमच्या गावचं. दिंडोरीकडं."

"नाव काय नाटकाचं?"

"अजून ठरायचंय."

माप म्हणून त्यानं सुतळी दिली. मी ती कमरेएवढी धरून त्याच्याकडे पाहिलं. तो अंगानं भरलेला, सुतळी मात्र फारच तोकडी.

"हे माप तुमचं नाही."

"नाही. दुसऱ्याचं." तो खाली बघत म्हणाला, "आतून स्वेड लावा. बक्कल टोचायला नको."

माझ्या मनात पाल चुकचुकली. तोतया पोलीस बनून हायवेवर ट्रक अडवणाऱ्यांच्या गोष्टी तेव्हा कानावर यायच्या. यांना सांगितलं, तर हे म्हणाले, "सरळ नाही म्हण." पण नाही म्हटलं, तर तो दुसऱ्याकडून करून घेणार आणि मला काहीच कळणार नाही. मी पट्टा केला. तो न्यायला आला तेव्हा म्हटलं, "ज्याचा आहे त्याच्या कमरेला बसवल्याशिवाय मी देत नाही."

त्याचा चेहरा उतरला. "घरी नका येऊ, ताई."

मग तर माझी खात्रीच पटली. "तर पट्टा मिळणार नाही."

बराच वेळ तो दारात घुटमळला. शेवटी म्हणाला, "चला."

मी यांना बरोबर घेतलं. मखमलाबाद रस्त्याला त्याचं घर होतं. खाटेवर बनियनमधले एक कृश आजोबा कमर चाचपत बसले होते.

"वडील," तो हळूच म्हणाला. "हवालदार होते. आता काही लक्षात राहत नाही. रोज पहाटे पट्टा शोधतात, सापडला नाही की रडतात. झोपतानाही काढणार नाहीत, म्हणून मऊ हवा होता. लोकांना काय सांगायचं?"

माझी मान खाली गेली. मी पट्टा पुढे केला. आजोबांनी तो उलटापालटा केला, वाकवला, वास घेतला.

"हा सरकारी नाही."

मुलगा माझ्याकडे बघू लागला.

"तुमचा दुरुस्तीला गेलाय, साहेब," मी म्हटलं. "तो येईपर्यंत हा वापरायचा."

"कुणाचा हुकूम?"

"वरून आलाय," हे पटकन बोलले.

आजोबांनी पट्टा बांधला. बरोब्बर बसला. ताठ उभे राहून त्यांनी यांना नखशिखान्त न्याहाळलं.

"तुम्ही कोण? राहायला कुठं?"

यांनी निमूटपणे पत्ता सांगितला. मुलानं तोंड फिरवून डोळे पुसले. आम्ही फाटकाबाहेर पडेपर्यंत आजोबा दारात उभे राहून आमच्यावर नजर ठेवून होते.