सोलापूरच्या कॅम्पातल्या उलट्या

एकोणीसशे तीसच्या सुमारास एका हिवाळ्यात आमच्या कंपनीची पोस्टिंग सोलापूरला झाली. शहराबाहेरच्या माळावर तंबू होते. सकाळी पीटी, मग परेड, मग रेल्वे पुलावर गार्ड ड्यूटी. गिरण्यांचे भोंगे कॅम्पापर्यंत ऐकू येत. मी तेव्हा नाईक होतो, एका सेक्शनचा कमांडर.

एके दिवशी परेडमध्येच एक जवान ओकला आणि खाली बसला. संध्याकाळपर्यंत अर्धं सेक्शन अंथरुणावर. ताप, अंगदुखी, खोकला आणि उलट्या. कॅम्पात कॉलऱ्याचं नाव फिरू लागलं : पटकी. हवालदारांनी ऑर्डर दिली, "पाणी बंद. पोटात गेलं की वर येतंय."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरसाहेब आले. त्यांनी सगळ्यांना तपासलं.

"जुलाब नाहीत. ही पटकी नव्हे, फ्ल्यू आहे."

मी विचारलं, "साहेब, दुखणं छातीत. मग उलटी कशाला?"

"मेंदूच्या तळाशी उलटीचं केंद्र असतं. रोगाचं विष रक्तातून तिथं पोचलं, की ते पोटाला हुकूम सोडतं, बाहेर टाक. काही विषारी खाल्लं असेल तर त्यानंच माणूस वाचतो. इथं विष पोटात नाही, पण केंद्राला ते कळत नाही. त्यात तापानं पोट मंद झालेलं, गिळलेल्या कफानं ढवळलेलं." मग ते हवालदारांकडे वळले. "पाणी तोडलंत तर मात्र माणसं हातची जातील. पेजेचं पाणी, थोडं मीठ. घोट घोट द्या. ओकला तर थांबा, परत द्या."

आजाऱ्यांच्या तंबूत जायला कोणी पुढे होईना. शिपाई धोंडिबा उठला. माळशिरसकडचा, मेंढपाळाचा मुलगा.

"म्या जातो, उस्ताद," तो मला म्हणाला. "मेंढरांचं केलंय, मानसांचं का न्हाय?"

तो कपाळ धरायचा, तोंड पुसायचा, परत वाटी ओठांना लावायचा. माणसं एकेक करून उठून बसली. मग धोंडिबाच पडला.

तोही ओकला. "लई झालं की, उस्ताद," म्हणून हसला. पुढं उलट्या थांबल्या. मला बरं वाटलं. डॉक्टरसाहेबांनी मात्र छातीला नळी लावली आणि हळूच म्हणाले, "न्यूमोनिया."

दोन दिवसांनी दुपारी गार्ड बदलत असताना धोंडिबा गेला. सेक्शनमधला तो एकटाच.

तार मिळाल्यावर त्याचे वडील आले. खांद्यावर घोंगडी होती.

"हितं लडाई झाली व्हय?"

"नाही बाबा. आजार होता."

"मग माजा पोरगा काय करत हुता?"

आजारातून उठलेला एक जवान तंबूचा खांब धरून उभा होता. तो म्हणाला, "आमाला पानी पाजत हुता, बाबा."

म्हातारा त्याच्याकडं वळला. मग जवळ जाऊन त्यानं जवानाच्या पाठीवर हात ठेवला.

"बरं केलं त्यानं," म्हणाला.