त्या रविवारची भाकर

चर्चच्या मंडळीत साक्ष द्यायला, म्हणजे देवाने काय केलं ते सांगायला, उभी राहिले की माझी जीभ चांगलीच चालते. यजमान गेल्यावर एकटीने मुलगी कशी वाढवली, शिलाई मशीनवर घर कसं चालवलं, प्रभूने हात कसा सोडला नाही, हे मी इतक्यांदा सांगितलंय की पुढच्या रांगेतल्या बायकांना ते पाठ झालंय. धीर हा तर माझा आवडता शब्द. पण त्या आठवड्यात मला कळलं की माझ्यापाशी धीर नव्हता, नुसता आवाज होता. आता हे लिहितानासुद्धा एका जागी बसवत नाही, दोनदा उठून पाणी पिऊन आले.

आम्ही शेलूला राहतो, मी आणि माझी रूथ. ती नुकती अठरा वर्षांची झाली होती आणि तिच्याकडे शिकाऊ लायसन्स होतं. त्यावर एकटीने स्कूटर काढायची नसते हे मला ठाऊक होतं. तरी त्या मंगळवारी मीच तिला कळंबच्या एका रिसॉर्टवर पाठवलं. तिथल्या कामगारांचे युनिफॉर्म मी शिवले होते, मॅनेजरचे फोनवर फोन येत होते, आणि मला दुसरं काम सोडून उठायचं नव्हतं. "पटकन देऊन ये," म्हटलं.

ती परत आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. येताना एका वळणावर, डोक्यावर गवताचा भारा घेतलेल्या म्हातारीला तिची गाडी लागली होती. म्हातारी पडली, ओरडली. रूथने पुढे जाऊन गाडी थांबवली, आरशात म्हातारी उठून बसलेली दिसली, आणि मग भीतीने तिने गाडी पळवली. "मम्मी, आपण दोघी परत जाऊया का?" तिने रडत विचारलं. माझी पोर योग्य तेच विचारत होती. मी म्हटलं, "उठून बसली ना? मग झालं. कुणापाशी बोलू नकोस."

स्कूटरच्या पायदानात अडकलेलं गवत मी स्वतःच्या हाताने काढलं. गाडी धुतली, वर जुनी चादर टाकली. डोक्यात पोलीस, रूथचा नर्सिंगचा प्रवेश, आणि आमच्या इमारतीत ख्रिस्ती घर एकच, तेव्हा लोक काय म्हणतील, एवढंच फिरत होतं. त्याच्याही खाली खरं कारण होतं: तिला पाठवणारी मीच होते. मुलीला वाचवते म्हणत मी स्वतःलाच झाकत होते.

पुढचे दोन दिवस मी घरात नुसती येरझारा घालत होते. एका ब्लाऊजला बाही उलटी लावली, उसवली, पुन्हा उलटीच लावली. खाली कुणाचाही आवाज चढला की खिडकीत जाऊन बघायची. जेवणाआधीची प्रार्थना मात्र मी चुकवली नाही. रूथ डोळे मिटायची, पण शेवटी आमेन म्हणायची नाही. ते मला ऐकू यायचं आणि मी भात वाढायला घ्यायची.

गुरुवारी मॅनेजरचा फोन आला. युनिफॉर्म छान बसले म्हणाला, आणि बोलता बोलता सांगितलं की त्यांच्या स्वयंपाकघरातल्या बाईच्या सासूला कुणीतरी गाडीने उडवलं, हाताचं हाड मोडलं. घर कुठे ते मी सहज विचारल्यासारखं विचारून घेतलं. आणि शुक्रवारी मी जे केलं, ते आमच्यासारख्या प्रार्थनेची सवय लागलेल्या माणसालाच सुचू शकतं. केळी आणि बिस्किटं घेतली, नेरळहून शेअर रिक्षा पकडली, आणि आजाऱ्यांना भेटायला जाणारी मंडळीतली बाई म्हणून त्या घरात गेले. वाटलं, थोडी सेवा होईल, मन हलकं होईल, आणि बोलावंही लागणार नाही.

ती म्हातारी, हिराबाई, ओटीवर एकटीच बसली होती. उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. मी म्हटलं, "आम्ही आजारी माणसांना भेटायला जातो, प्रार्थना करतो." तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि शेजारी बसवून घेतलं. "कोण कुठची तू, बाय, देवानंच धाडली गं तुला. सून सकाळीच कामावर जाते, पोरगा शेतावर. दिसभर कोण बोलायला नाय." मग स्वतःच सांगू लागली. "हाड मोडलं त्याचं काय नाय, ते जुळंल. पण त्यो थांबला नाय गं. मेली का जिती, एवढं तरी बघायचं व्हतं."

मी घाईघाईने विचारलं, "प्रार्थना करू का?"

"कर की. देव त्यो देव. आन त्या गाडीवाल्यासाठी बी कर. पोरगंच असंल कुणाचं तरी. त्याच्या आयला ठावं नसंल. ठावं असतं तं तिनं कान धरून आणला असता त्याला माझ्यापुढं."

मी डोळे मिटले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला शब्द सापडेनात. काहीतरी पुटपुटले आणि उठले. निघताना तिने डाव्या हाताने माझा हात धरला आणि पुन्हा ये म्हणाली. अनेक साक्षींत मी ऐकलं होतं की संकटात एक अनोळखी माणूस आला आणि जणू देवच आला. त्या घरात ती अनोळखी बाई मी होते, आणि मी खोटी होते.

तो रविवार प्रभुभोजनाचा होता: येशूच्या आठवणीत गुडघ्यांवर बसून, हात पुढे करून भाकरीचा तुकडा घ्यायचा, आणि मनात पाप लपवून तो घ्यायचा नाही. आमची मंडळी लहान आहे, नेरळला एका भाड्याच्या हॉलमध्ये उपासना होते, आणि प्रभूच्या मेजावरची बेखमीर भाकर करण्याचा मान बरीच वर्षं माझ्याकडे आहे. शनिवारी संध्याकाळी मी कणीक मळायला घेतली. रूथ स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. "मम्मी, उद्या मी भाकर घेणार नाही."

"लोक विचारतील," मी म्हटलं. पहिलं तोंडातून हेच निघालं.

"तू घेशील?" तिने विचारलं.

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी परातीतून हात काढले. मग हिराबाईकडे गेले होते ते तिला सांगितलं, म्हातारी काय म्हणाली तेही सांगितलं, आणि आम्ही दोघी तिथेच फरशीवर बसून रडलो. हात धुऊन मी पाळकसाहेबांना फोन केला की उद्याची भाकर माझ्याकडून होणार नाही. तब्येत बरी नाही का, असं त्यांनी विचारलं. हो म्हणणं किती सोपं होतं! मी म्हटलं, "तब्येत ठीक आहे. एका घरी माफी मागायला जायचंय." ते म्हणाले, "मग आधी तिकडे जा. भाकरीचं आम्ही बघू." धीर आला असं मी म्हणणार नाही. फक्त आता पळायला जागा उरली नव्हती.

सकाळी आम्ही काही न खाता निघालो. प्रभुभोजनाच्या दिवशी आधी काही खायचं नाही ही आमच्या घरची रीत, ती अंगवळणी पडलेली. हिराबाई मला बघून हसली. "आलीस? आन ही कोण?"

"माझी मुलगी. त्या दिवशी गाडी ही चालवत होती. हिला पाठवलं मी, आणि गप्प बस म्हणूनही मीच सांगितलं."

रूथ तिच्या पायांशी बसली. "आजी, मी थांबायला हवं होतं," एवढंच ती बोलू शकली. आतून हिराबाईचा मुलगा बाळू बाहेर आला. त्याने सगळं ऐकलं होतं. तो रूथवर ओरडला, माझ्यावर ओरडला, आणि ते आम्ही ऐकून घ्यायलाच हवं होतं. "पोलीस ठाण्यात चला," म्हणाला. रूथ म्हणाली, "येते, दादा." हिराबाई मात्र तिच्याकडे बघतच नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. "तुला ठावं व्हतं. ठावं असून माझ्यापुढं डोळं मिटून बसलीस?" मला कुणी इतकं खरं कधी बोललं नव्हतं.

पुढचं सांगून टाकते. दुसऱ्या दिवशी आम्ही पोलीस ठाण्यात गेलो, रूथने सगळा जबाब दिला, मीही माझा दिला. प्रकरण अजून मिटलेलं नाही, बोलावणं आलं की जातो. रूथचं पक्कं लायसन्स लांबलंय. मी काही चमत्कार सांगायला बसलेले नाही.

पण त्या सकाळी, बाळू तावातावाने अंगणात निघून गेल्यावर, हिराबाई रूथला म्हणाली, "भाकरी येते का गं तुला?"

"चपाती येते. तांदळाची भाकरी नाही येत."

"चल मंग, शिक. हात माझा तुझ्यामुळं बसलाय, सून कामावर गेलीय, आन नातवंडं सकाळपासून बिस्किटं खातात."

तिने चुलीपाशी बसून सांगितलं, रूथने उकड काढली, मळली, पाण्याचा हात लावून थापली. पहिली भाकरी कडेला चिरली, दुसरी तव्यावर टाकताना दुमडली. हिराबाई खेकसत होती, "अगं, हलक्या हातानं!" तिसरी जराशी फुगली. म्हातारीने ती ताटलीत घेतली, डाव्या हाताने कशीबशी मोडली आणि एक तुकडा रूथला दिला. मी दाराशी उभी होते. तिने माझ्याकडे पाहिलं. तो राग गेला नव्हता, मला तो स्पष्ट दिसत होता. तरी तिने दुसरा तुकडा माझ्यापुढे धरला.

"घे. तू बी उपाशीच आली असशील."

नेरळला त्या वेळी उपासना चालू असेल. मी त्या चुलीपाशी गुडघ्यांवर बसले आणि दोन्ही हात पुढे केले.