टॉवेल-टोपी ट्रंकेतच आहे

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी आमच्या घराचं काम सुरू झालं. वेळ नेमकी आठवते, कारण ह्यांची दौंडची गाडी सात-पाचला सुटली आणि पाच मिनिटांत हुसेनमिस्त्री गवंडी माझ्यासमोर नारळ मागायला उभे.

घर काढलं की विटांची रास पडते तशी गोष्टींचीही पडते. विटा कमी पडतात, गोष्टी उरतात. शिवणवर्गातल्या बायका अजून म्हणतात, “सांग ना गं, तो गुळाचा किस्सा.” म्हणून सगळे एकदाच लिहून काढते. सातवीपर्यंत शिकले ते कुठंतरी कामाला येऊ दे.

तर नारळ. चर्चच्या पाळकसाहेबांनी आदल्या संध्याकाळी जागेवर प्रार्थना केली होती. मी म्हटलं, “मिस्त्री, आमच्यात नारळ फोडत नाहीत.”

“आमच्यात बी न्हाईत.”

“मग हवा कशाला?”

“मी कुठं मागतोय, बाई? पाया मागतोय.”

पायाला नाही कोण म्हणणार? आणला. दुपारी मिस्त्रींच्या भाकरीवर ओल्या खोबऱ्याची चटणी होती. त्या दिवसापासून माझी नजर त्यांच्यावर.

*

मी काही जन्माची संशयी नाही. केडगावात स्टेशनाजवळ आम्ही एका खोलीत भाड्यानं राहत होतो. चूल त्याच खोलीत, पाळणाही त्याच खोलीत. शांती आठ महिन्यांची. चूल पेटली की पोर खोकायची ती निळी पडेपर्यंत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “हिला धुरात ठेवू नका.” कुठं ठेवू, ते नाही सांगितलं.

म्हणून नव्या घरात मी एकच गोष्ट मागितली होती. स्वयंपाकघराला पश्चिमेकडं मोठी खिडकी.

घराचा नकाशा म्हणजे ह्यांनी काढलेला एक कागद. पेन्सिल लाल-निळी. निळ्या टोकानं घर काढलेलं, आणि भाव चढला की हे लाल टोकानं त्यातलं काहीतरी खोडायचे. पहिल्या महिन्यात पुढचा ओटा गेला. तेव्हापासून जो कुणी भाव वाढवायचा, तो माझ्या खिडकीकडंच हात लांबवतोय असं मला वाटायचं.

*

विटा मांडवगण फराट्याहून, आप्पांच्या भट्टीवरनं यायच्या. पहिल्या खेपेतली एक वीट मी नमुना म्हणून घरी नेऊन ठेवली होती. तिसरी खेप आली तेव्हा दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्या. नवी वीट बोटभर बारीक, आणि भाव मात्र वाढलेला.

“आप्पा, वीट लहान झाली.”

“भाजली की आखडतीच, बाई. पक्की हाय म्हणून.”

“मग पहिली का नाही आखडली?”

“ती जरा कच्ची व्हती.”

“त्या सगळ्या खालच्या थरात बसल्यात, आप्पा.”

आप्पांनी भिंतीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. “मग बरंच झालं की. वरनं वझं पडलं की आपसूक पक्क्या व्हतील.”

त्या आठवड्यात कागदावरचं भिंतीतलं कपाट गेलं.

*

वाळू वडगाव रासाईची, नदीतली. गाडीवान गाडी अशी शिगोशीग भरून आणायचा की बघूनच मला शंका यायची. एकदा मी काठी घेतली आणि वाळूत खुपसली. काठी अडली. उकरलं तर आत पालथी घातलेली भलीमोठी पाटी.

“ही काय भानगड?”

“जेवणाची पाटी हाय, ताई.”

“जेवण वाळूखाली?”

“गार ऱ्हातंय.”

पुढच्या खेपेला पाटी नव्हती. भाव वाढला होता. कागदावरची मोरी गेली.

*

आता गुळाचा किस्सा. सिमेंटला परमिट लागायचं आणि ते आम्हाला कोण देणार, म्हणून काम चुन्यात. बैलाच्या घाण्यात चुना मळताना मिस्त्री गुळाचं पाणी ओतायचे. म्हणाले, पकड चांगली येते. इथवर ठीक. पण गूळ संपायचा फार. डबा आज भरला की परवा तळ दिसायचा. चुना एवढा गूळ खात नाही, कुणीतरी चहा पितंय, एवढं मला कळत होतं.

मी कडुनिंबाचा पाला वाटला आणि त्याचा रस त्या गुळात कालवून ठेवला. चुन्याला कडू-गोड सारखंच. चहा पिणाऱ्याला नाही.

दिवसभर मी मिस्त्रींचं तोंड निरखत बसले. त्यांनी दोनदा चहा घेतला, दोन्ही वेळा मिशी पुसली. काही नाही. संध्याकाळी खोलीवर आले तर सासूबाई मोरीपाशी चहा थुंकत बसलेल्या.

“सूनबाई, दूध नासलं जणू!”

रोज जागेवर चक्कर मारायच्या आणि येताना पदराच्या गाठीत गूळ बांधून आणायच्या. मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, “घरचाच गूळ हाय न्हवं? भितीला एवढं ग्वाड कशाला?”

*

मग सागवान चढलं. पाठोपाठ लोखंडी गज चढले. एका संध्याकाळी ह्यांनी पेन्सिल उलटी केली आणि माझ्या खिडकीवर लाल रेघ मारली.

“नुसतं भोक ठेवलं तर मागनं चोर यायचा. पुढं बघू.”

दुसऱ्या दिवशी ह्यांनी मिस्त्रींना सांगितलं, पश्चिमेची भिंत सरळ बंद करा.

“बाईस्नी इचारलं का?” मिस्त्रींनी विचारलं.

“नाही.”

“बरं,” म्हणाले, आणि थापी उचलली.

भिंत चढत गेली तशी मी शांतीला कडेवर घेऊन रोज समोर उभी. एके दिवशी पाहते तर मध्येच एका ओळीत विटा आडव्या नाहीत, उभ्या बसवलेल्या.

“ह्या उभ्या कशाला?”

“असू द्या. उपेगी पडत्यात.”

उभ्या लावल्या की विटा जास्त खपतात, एवढं गणित मला येत होतं. दुसऱ्या दिवशी घरनं उलथनं आणलं आणि त्या उभ्या विटांच्या खालचे सांधे खरवडले. भुरूभुरू माती पडली. चुना नावालाही नव्हता. बाजूला सगळीकडं चुना, आणि एवढ्याच तुकड्यात नुसती माती.

मी ह्यांना बोलावून आणलं. ह्यांनी चार माणसांदेखत विचारलं. मिस्त्रींनी सावकाश हात धुतले. “तेवढा चुना घाण्यातच हाय, बघून घ्या. आन् ती भित पडायची न्हाई. माझी जबान.”

“पडली तर पाळणा तिथंच येणार आहे, मिस्त्री,” मी म्हटलं.

त्यांनी शांतीकडं पाहिलं. दोन दिवसांत गिलावा करून ओळंबा पिशवीत टाकला आणि गेले. काम संपलं की गवंड्याला टॉवेल-टोपी करायची असते. ती दौंडच्या बाजारातनं आणलेली होती. मी दिली नाही, ट्रंकेत टाकली. पायासाठी नारळ मागणाऱ्या माणसानं स्वतःची टॉवेल-टोपी मागितली नाही. मला त्याचाही संशय आला.

*

नव्या घरात धूर तोच. खोकलाही तोच. पाळणा मी त्या भिंतीपासून लांब, दाराशी बांधला.

परवा चाळणी अडकवायला म्हणून त्या भिंतीत खिळा ठोकत होते. गिलाव्याचा पोपडा निघाला. मागची वीट हलली. ओढली, तर ड्रॉवरसारखी अलगद हातात आली. मग शेजारची. मग तिच्या खालची. ह्यांना हाक मारली. दोघांनी मिळून काढत गेलो. वर त्या उभ्या विटा भिंतीचा भार धरून होत्या तशा, एक खडा पडला नाही. खाली हात फिरवला, तर चुन्याचा घोटीव काठ, बाहेरच्या बाजूला जरासा उतरता, पाणी आत येऊ नये असा.

ह्यांनी तो कागद शोधून आणला आणि फूटपट्टी लावली. लाल रेघेखालचं माझ्या खिडकीचं निळं माप, तंतोतंत तेच.

सासूबाई पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. “भितीतनं धूर चाललाय गं,” एवढंच म्हणाल्या.

सध्या गोणपाट लावलं आहे. आत्ता हे लिहिते आहे तेव्हा चूल पेटलेली आहे आणि शांती झोपलेली आहे.

हुसेनमिस्त्री शिरूरकडं कुठंतरी कामावर आहेत म्हणतात. तुमच्यापैकी कुणी तिकडं गेलं, किंवा तिकडचं कुणी भेटलं, तर एवढा निरोप पोचवा. टॉवेल-टोपी ट्रंकेतच आहे. गुळात आता कडुनिंब नाही. आणि नारळही आणून ठेवला आहे. आमच्यात फोडत नाहीत, त्यांच्यातही नाहीत, पण खिडकीनं मागितलाय म्हणावं.