होऊन राहिलो काका

'कसे आहात?' असं विचारलं की अधारतालचे काका एकच उत्तर देत, 'बरा होऊन राहिलो.' म्हणजे, अजून बरा होतोय. दारू सोडून वर्षं लोटली, तरी उत्तर बदललं नाही. पुण्याहून आमच्या हिंदी मुलखात बदलून आलेल्या एका बँकेच्या साहेबांनी त्यांचं मराठी सुधारायला घेतलं. 'बरा झालो, म्हणा.' काका म्हणाले, 'झालो म्हटलं की माणूस मोकळा होते साहेब. अन् मोकळा माणूस कुठं जाते, ते मला माहीत आहे.' तेव्हापासून आमच्या घरात त्यांचं नाव 'होऊन राहिलो काका' पडलं.

माझ्या दादाची दारू त्यांच्यामुळेच सुटली. कांचघरला दर रविवारी दारू सोडलेल्यांची बैठक भरायची, ती काका चालवत. शिवाय शाळांतून, मोहल्ल्यांतून, पार शहराबाहेरच्या शहपुऱ्यापर्यंत भाषणं. लोक आपलं दुःख त्यांच्या गळ्यात घालून हलके होऊन जायचे आणि काका घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडायचे. नैराश्य त्यांना जुनंच होतं. 'दुनियेला उठवून राहिले, अन् स्वतः चहालाही उठून नाही राहिले,' काकू म्हणत. चिडून नव्हे, चिडायची ताकद त्यांच्यात उरली नव्हती.

काकांना त्यासाठी गोळी चालू होती आणि ती कुणाला सांगायची नाही, असं बैठकीतल्या जाणत्यांनी ठरवलं होतं. 'गोळी म्हणजे पण नशाच,' हे तिथं सर्रास बोललं जाई. काका गप्प राहत. दादाने मात्र ते मनावर घेतलं. डॉक्टरांनी त्यालाही दिलेली उदासीची गोळी परस्पर बंद केली आणि 'आता मी पूर्ण साफ' म्हणून मिरवू लागला. थोड्याच दिवसांत तो जेवेना, बोलेना. बोललाच तर, जगून काय करायचं, एवढंच. आम्ही घाबरून काकांना बोलावलं.

काकांनी खिशातून आपली गोळ्यांची पट्टी काढून त्याच्या हातात ठेवली. 'मी पण घेऊन राहिलो ना. काहून नाही सांगितलं, मलाच विचार.' मग ते त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेले. पुढच्या भाषणात, शहपुऱ्यात, माईकवर बोलले, 'ये गोली मैं भी खाता हूँ. सुबह उठ पाऊँ, इसलिए.' आयोजकाने घाईने माईक घेतला. 'भैयाजी आज थोड़ा थके हुए हैं.' 'ये सही बात है,' म्हणून काका खाली उतरले.

आमंत्रणं बंद झाली, फोन मात्र वाढले. चोरून गोळ्या घेणारे सगळे आता त्यांनाच शोधत होते. दादा हळूहळू सावरला. काका खचत गेले. शेवटी त्यांची मुलगी काका-काकूंना रायपूरला घेऊन गेली. स्टेशनवर ते दादाला म्हणाले, 'हा फोन बंद करून राहिलो. आता दुसऱ्याचं ऐकवत नाही रे. राग नको मानू.'

'नाही मानत. तुम्ही आराम करा, काका.'

मला मात्र राग आला होता. पोरकं झाल्यासारखं वाटलं होतं. अजूनही मी अधूनमधून तो नंबर लावून पाहते. लागत नाही, तेव्हा हायसं वाटतं.